माइक चालू होता

लॉकडाऊनमध्ये मी वर्ध्याच्या घरातून बी.ए.च्या मुलांना मोबाइलवर अर्थशास्त्र शिकवत होते. गिरडची एक मुलगी उत्तर देत असतानाच मागून तिचा भाऊ ओरडला, "रोज कोनाशी बोलून राह्यली?" पाठोपाठ काठीचे फटके आणि तिची किंकाळी ऐकू आली.

"मॅडम, हा मले मारून राह्यला!"

"सोड तिला! सगळा वर्ग ऐकतोय!" मी किंचाळले.

त्यानं फोन भिंतीवर आपटला. हे ऐकून तिच्याच गावची वर्गमैत्रीण स्वतःच्या आईला घेऊन तिच्या घरी धावली. दोघींनी त्याच्या हातातली काठी हिसकावली, पण तोवर मुलीचा उजवा हात मोडला होता. त्या दिवशी मला पुढे शिकवताच आलं नाही.

ऑनलाइन परीक्षा तिनं मैत्रिणीच्या फोनवर, डाव्या हातानं दिली. पास झाल्यावर तिनं नव्या मोबाइलवरून मला फोन केला. म्हणाली, "मॅडम, आता पुढच्या वर्षाचा क्लास मी त्याच्यासमोरच बसून करतो."