पारूची मूठ

"मुठीत काय हाय? दाखव!"

"काय नाय, बाय."

"मग माझे गायीच्या तोंडात काय कोंबलंस? वारा?"

"हात सोड. चांगल्यासाठीच हाय."

"मग नाव घ्यायला जीभ झडते?"

पारूने हात सोडवायला हिसका दिला. झटापटीत तिच्या मुठीतून गुळाने माखलेली एक चपटी बी पडली. गोजाबाईने ती झडप घालून उचलली आणि पदरात बांधली. भगताला दाखवायला पुरावा झाला!

गोजाबाई जन्माची संशयी. जव्हारलगतच्या पाड्यावर एकटीच राहायची. शेजारणीने विस्तव मागितला तरी निखारे मोजून द्यायची. माया काय ती गायीवर. संस्थानच्या कचेरीतल्या कारकुनाकडे दुधाचा रतीब होता, त्यावरच तिची चूल पेटायची. पण दिवाळीपासून तीन शेरांची गाय पाऊण शेरावर आली. पोट नगारा, बरगड्या वर आलेल्या, केस राठ. "पुढच्या बाजारापर्यंत बघतो," कारकून म्हणाला होता, "मग दुसरीकडे रतीब लावतो."

आणि त्यातच ही धाकटी जाऊ भल्या पहाटे गोठ्यात! करणी नाही तर काय? गोजाबाईने भगताकडे पारूचं नाव नेऊन घातलं. पाड्यावर येऊन, तांदूळ टाकून तो करणी कुणाची याचा कौल देणार होता.

तिसऱ्या दिवशी शेणात दोऱ्यासारखे पांढरे किडे वळवळले. गोजाबाई किंचाळली, "बघा, करणी बाहेर पडली!"

गुराखी नवसू काठीने शेण उकरून हसला. "जंत हायेत हे, काकी. चारा तू घालायचीस, खायचे हे. दूध कुठून येणार?"

तिने पदराची गाठ सोडली. "आणि हे?"

"पळसाची बी. जंतावरचं औषध. माझे हातून तर नाय दिलेलं, म्हणून बोललो. देणाऱ्याने औषधाचं नाव सांगितलं तर गुण जातो. विसरलीस?"

गोजाबाईचं तोंड उतरलं.

बाजाराच्या दिवशी गाय सव्वादोन शेरांवर आली. रतीब टिकला. भगताला नको म्हणून सांगून, लोटाभर दूध घेऊन ती पारूच्या दारात गेली.

"घे गं. भगत येत नाय आता."

पारू नाचणी पाखडत राहिली.

"वासराचंही पोट फुगलंय. त्यालाही औषध देशील ना? ...पारू, पाड्यात तुझं नाव मीच खराब केलं. रागावलीस?"

पारूने सूप ठेवलं, कनवटीची बियांची पुरचुंडी चाचपली आणि बाहेर पडली. गोठ्याकडे वळते की पुरचुंडी ओढ्यात टाकायला जाते, हे गोजाबाई कुडाआड लपून फटीतून बघत राहिली.