रेखाताईंची साठी आणि एक राहिलेली माफी

रेखाताई तांडेल यांची माझी ओळख भांडणाने झाली. मुलुंडच्या आमच्या रुग्णालयात मी सीटी स्कॅन विभागात नुकताच रुजू झालो होतो. जुने स्कॅन उघडेनात, म्हणून तावातावाने संगणक विभागात शिरलो. "आधी बसा, पाणी प्या, मग ओरडा," ताई म्हणाल्या. पुढे माझी आई तिथेच दाखल होती, तेव्हा वेसाव्याहून रोज तिच्यासाठी पेज घेऊन येणाऱ्याही ताईच.

साठीच्या गौरवग्रंथात गोड लिहावं, असं मला सुचवण्यात आलं आहे. मला ते जमणार नाही.

रुग्णांचे सगळे स्कॅन ताई सांभाळतात त्या युनिक्स सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक मोठ्या संगणकावर, साठतात. त्यातल्या जागेचे भाग पाडून ताई एकेक भाग नेटवर्कवरून एकेका संगणकाला जोडून देत. अशा भागाला त्या 'टार्गेट' म्हणत. सीटीचं टार्गेट फक्त सीटीच्या संगणकाला दिसे. "दोन संगणक एकमेकांना न विचारता एकाच जागेवर लिहायला लागले, की दोघांच्याही लिहिण्याची वाट लागते," असं त्यांनी मला समजावलं होतं.

नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पाहुण्यांपुढे तिथल्या पडद्यावरही हे स्कॅन दिसायला हवेत, असा प्रशासकसाहेबांचा हट्ट होता.

"नीट वेगळी सोय करते, थोडे दिवस द्या," ताई म्हणाल्या.

"मॅडम, उगाच अडवू नका. तेच टार्गेट तिकडेही उघडून टाका ना!"

"नाही उघडणार साहेब. पेशंटचे स्कॅन आहेत ते."

ताई भाचीच्या लग्नासाठी रजेवर गेल्या, आणि साहेबांनी बाहेरचा माणूस आणून सीटीचं टार्गेट नव्या इमारतीतल्या संगणकालाही जोडून घेतलं. उद्घाटन झकास झालं. दुसऱ्या दिवशी सीटीचा एकही स्कॅन उघडेना.

माझा फोन गेला तेव्हा ताई हळदीच्या मांडवात होत्या. तशाच पिवळ्या हातांनी आल्या. दोन्ही संगणकांची जोडणी तोडली आणि राखून ठेवलेल्या प्रतीवरून जुने स्कॅन परत आणले. त्या प्रतीनंतरचे मात्र गेले ते गेलेच. त्या रुग्णांना ताईंनी स्वतः फोन केले. गोवंडीच्या एक आजी पुन्हा स्कॅनसाठी आल्या. सुईने सुजलेला हात दाखवत म्हणाल्या, "माझा फोटू हरवला म्हंजे काय गं? परत टोचणार?" ताई त्यांचा दुसरा हात धरून मशीनपाशी उभ्या राहिल्या.

आणि बैठकीत साहेब म्हणाले, "तांडेल मॅडमच्या सिस्टिममध्येच दोष होता."

मी उठून सांगितलं, की टार्गेट कोणी उघडायला लावलं. तरीही ताईंकडून सर्व्हर काढून घेतला. दुसऱ्या कोणाला तो धड चालवता येईना, तेव्हा गुपचूप परत दिला. माफीचा एक शब्द नाही! आजींनाही नाही, ताईंनाही नाही.

"सोड ना रे, स्कॅन नीट उघडतायत ना आता?" असं ताई मला म्हणतात. मी कसं सोडू? ज्यांनी आपलं पाप या बाईंच्या पदरात घातलं, तेच साठीच्या समारंभाला पहिल्या रांगेत बसणार आहेत.

ताई, तुम्हांला भरपूर आयुष्य लाभो, गुडघे ठणठणीत राहोत, भाचरं-नातवंडं अंगाखांद्यावर खेळोत. आणि त्या साहेबांनाही दीर्घायुष्य लाभो. भरल्या सभागृहात, माइकवरून, तुमची आणि त्या आजींची माफी मागेपर्यंत तरी त्यांनी जगायलाच हवं.