नळावरचा चौथा हंडा

लालबागच्या लक्ष्मीदास चाळीत सरकार कुणाचं होतं, असं त्या काळी विचारलं असतं तर पोरासोरांनीही सांगितलं असतं, सुंदराबाईंचं. दिल्लीचं सरकार दिल्लीत, मुंबईचं फोर्टात. चाळीच्या तोंडाशी, गल्लीवरच, म्युनिसिपालिटीचा जो एकुलता एक नळ होता, तिथे मात्र यापैकी कुणाचंच काही चालत नसे. तिथे मालवणाकडून आलेल्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेल्या, आवाजाने भोंग्याला मागे टाकणाऱ्या सुंदराबाई राज्य करत.

बाईंचा नवरा गिरणीत होता. तो गेला तेव्हा बाईंनी चार दिवस रडून घेतलं आणि पाचव्या दिवशी खाणावळ काढली. चाळीसएक गिरणीकामगार त्यांच्याकडे जेवत. भात, सार, बांगडा आणि वर तोंडभर शिव्या. शिव्यांचे पैसे त्या वेगळे लावत नसत. अशी खाणावळ चालवायची म्हणजे पाणी हवं, आणि पाणी म्हणजे नळ. त्यामुळे नळावर न्याय असावा ही तळमळ बाईंना इतरांपेक्षा जरा जास्तच होती.

पूर्वी नळावर मनगटाचा कायदा होता. जिचा दंड जाड तिचा हंडा आधी. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या सुभद्रेने शेजारणीच्या कपाळात कळशी घातली, चार टाके पडले, आणि त्या दिवशी सुंदराबाईंनी पहिला नियम केला. रांग लावायची. पण रांगेत तासभर उभं कोण राहणार? चुलीवर भात, पाळण्यात पोर. मग दुसरा नियम झाला: बाईच्या जागी तिचा हंडा उभा राहिला तरी चालेल. हंडा म्हणजेच बाई. हंड्याला लाथ मारली तर बाईला लाथ मारली असं धरायचं आणि मारणारीने त्या दिवशी सगळ्यांत शेवटी भरायचं.

बायका हुशार. त्यांनी हंड्याऐवजी विटा ठेवायला सुरुवात केली, आणि एका सकाळी नळापुढे अख्खी भिंत उभी राहिली. विटा बंद झाल्या. मग ज्या घरात बाळंतीण किंवा मयत, त्या घराला पहिला हंडा असा माणुसकीचा नियम झाला. त्याचा फायदा घेऊन सुभद्रेची गावाकडची सासू पावसाळ्याच्या आत तीनदा वारली.

"तुझी सासू कितीदा मरता गो?" बाईंनी भर नळावर विचारलं, आणि निवाडा दिला की सासू एकदाच मरेल. मेलेली ती सासू दिवाळीला मुंबईत येऊन चकल्या खाऊन गेली.

या सगळ्यात बाईंचा एक गुण मानावाच लागेल. केलेला नियम त्या स्वतःही पाळत. खाणावळीला सहा हंडे लागत, पण एका फेरीला एकच हंडा हा नियम झाल्यावर बाईंचाही एकच हंडा रांगेत असे. दिलेला शब्द फिरवायचा नाही, याचा त्यांना भारी अभिमान होता. त्यामुळेच सगळ्या त्यांचं ऐकत.

खाणावळीत दुपारी गंगाधर नावाचा एक मुलगा जेवायला येई. ठाकूरद्वारच्या सोवळ्यातल्या घरातला, परळला एका हपिसात कारकून, आणि सकाळी वकिलीच्या वर्गाला जाणारा. घरी कांदासुद्धा बेताने, म्हणून बांगड्यासाठी तो लालबागपर्यंत चालत येत असे. जेवताना त्याला ज्ञान सुचे.

"मावशी, तुमचा नळ म्हणजे आमचं पुस्तकच आहे हो! आधी बळ, मग रूढी, मग निवाडे. कायदा जगात असाच वाढत आला. पुढे राजा येतो, तो कायदा लिहून काढतो. आणि सगळ्यांत शेवटी येतात हक्क. म्हणजे राजालासुद्धा जे काढून घेता येत नाहीत ते."

"आणि तू हय बांगडो खातंस ता तुझ्या आवशीक कळला, तर त्यातलो खंयचो कायदो लागात?" बाई विचारत.

आईचं नाव निघताच गंगाधर मान खाली घालून काटे काढू लागे.

अशा या सुरळीत राज्यात पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर बकुळा आली. तिचा नवरा दत्ताराम परळच्या रेल्वे वर्कशॉपात कामाला. त्यांनी खालची कोपऱ्यातली खोली घेतली आणि भिंतीवर पहिली तसबीर लावली ती बाबासाहेबांची. चाळीला जे समजायचं ते समजलं. तोंडाने कुणी काही बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी बकुळाने रांगेत हंडा ठेवला तेव्हा मागचे-पुढचे हंडे हातभर सरकले.

सगळ्याजणी सुंदराबाईंकडे बघू लागल्या. बाईंनी क्षणभर विचार केला. हंडा म्हणजेच बाई, हा नियम त्यांचाच. मग बाई शेजारी चालत नाही तर तिचा हंडा कसा चालेल? त्यांना आपल्या तर्काचं कौतुकच वाटलं.

"तुझो हंडो थय, त्या दगडार ठेव," त्या बकुळाला म्हणाल्या. "सगळ्यांचा झाला काय भर."

बकुळाने बाईंकडे नीट पाहिलं आणि गटाराकडेच्या दगडावर हंडा ठेवला. तिथे तो रोज बसू लागला. ती येई लवकर, पण भरे शेवटी, आणि सगळ्यांचं होईपर्यंत नळाची धार सुतळीएवढी झालेली असे. बऱ्याचदा हंडा अर्धाच राही. मग सुंदराबाईंना दया येई. त्या आपली कळशी उंच धरून, लागू न देता, वरून बकुळाच्या हंड्यात पाणी घालत. घातल्यावर त्यांना बरं वाटे. बकुळा मात्र पाणी घेई आणि एका शब्दाने उपकार मानत नसे. याचा बाईंना राग येई.

"असं करणं गुन्हा झालाय आता, मावशी," गंगाधरने एकदा घाबरत घाबरत सांगितलं. "यंदाच कायदा आला. सहा महिने आत घालतात."

"मग घाला माका आत. तुमका चाळीस जणांक जेवण कोण वाढतला? सरकार?"

बोलून गेल्या, पण त्याच संध्याकाळी जिन्याखालून जाताना त्यांना दत्तारामचा चढा आवाज ऐकू आला. तो पोलिसांत जायचं म्हणत होता. आणि बकुळा म्हणत होती, "पोलीस एक दिवस येतील नि जातील. नळावर मला रोज जायचंय. माझा नंबर मला त्या बाईकडूनच पाहिजे."

बाई तिथून पाय न वाजवता वर गेल्या. त्या रात्री त्यांनी साराला दोनदा मीठ घातलं.

मग छप्पन्नचा जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला देणार नाही, दिल्लीच्या ताब्यात ठेवणार, अशी बातमी रेडिओवर आली आणि गिरणगाव पेटलं. गिरण्या बंद, रस्त्यावर दगड, त्यावर अश्रुधूर, त्यावर गोळ्या. लालबाग-परळमधून तरणी पोरं गेली. खाणावळीतली दोन ताटं त्या आठवड्यात कुणी मागितली नाहीत, आणि बाईंनी ती घासून उपडी घातली ती बरेच दिवस सुलटी केली नाहीत. जमावबंदी लागली. पाच माणसं एकत्र दिसली की पोलीस उचलत.

आणि दुपारी तीनला नळाला पाणी आलं. पाण्याला जमावबंदी कुणी सांगितली नव्हती.

अकरा हंडे रांगेत, अकरा बायका त्यांच्यामागे, आणि बारावा हंडा दगडावर. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून कुशाबा हवालदार काठी आपटत आला. साताऱ्याकडचा माणूस, तीन दिवस धड झोप नाही, डोळे अश्रुधुराने नव्हे तर जागरणाने लाल.

"चला, पांगा! पाच मान्सं जमायची न्हाईत. हुकूम हाय."

बायका घाबरल्या, पण हटेनात. पाणी तासाभराचं. आज गेलं तर उद्यापर्यंत थेंब नाही. वर खाणावळीत संपकरी उपाशी बसलेले. सुंदराबाई कंबरेवर हात ठेवून पुढे झाल्या.

"माणसां खंय दिसतत तुका?"

"ही काय मग?"

"ही चलली." बाईंनी मागे वळून हात केला. बायका धावत जिन्यावर, गॅलरीत. रस्त्यावर उरले हंडे. "आता बघ. हे हंडे आसत. तुझ्या हुकुमात हंड्यांचा नाव आसा?"

कुशाबा विचारात पडला. "हंडं तुमचंच न्हवं? तुमच्या जागी हुभं केल्यात."

"जागी कसले? हंडो म्हणजे काय माणूस? तांब्याचो हंडो तो! तो काय घोषणा देतलो?"

गोळीबारामुळे खाणावळीतच अडकलेला गंगाधर वरून ओरडला, "हवालदारसाहेब, पेपरात हुकूम छापलाय. 'इसम' असा शब्द आहे. हंडा हा इसम नव्हे!"

कुशाबाने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याला बायकांवर काठी चालवायची नव्हती, आणि मुख्य म्हणजे तहान लागली होती. "बरं. एका येळी एक बाई नळावर. हंडं किती का असंनात," तो म्हणाला, आणि तांब्याभर पाणी प्यायला. मग काय विचारता! बाई पायरीवरून पुकारा करू लागल्या, एकेक बाई खाली येऊन भरून जाऊ लागली, आणि कुशाबा काठीच्या टोकाने मागचे हंडे पुढे सरकवू लागला. आज सरकारी बंदोबस्तात नळ जितका शिस्तीत चालला, तितका याआधी कधी चालला नव्हता. सुभद्रेने मधेच हंडा घुसवायचा प्रयत्न केला तर तिला थेट कायद्याचा बडगा दिसला.

तीन हंडे भरून झाले आणि बकुळा खाली आली. शांतपणे गेली, दगडावरचा आपला हंडा उचलला आणि रांगेत, सुंदराबाईंच्या हंड्याच्या पुढे, चौथा म्हणून ठेवला. मग पुन्हा लांब पायरीशी जाऊन उभी राहिली.

गॅलरीत एकच गलका झाला. सुभद्रा कठड्यावरून निम्मी बाहेर आली. "मावशी! बघतेस काय? हंडे बाटवले तिने!"

"बकुळा," बाई गरजल्या, "ह्या काय?"

"मी काय केलं, बाई?" बकुळा म्हणाली. आवाज अगदी मऊ, पण डोळ्यांत काहीतरी मिश्कील चमकत होतं. "मी तर इथं उभी आहे, लांब. तिथं माझा हंडा आहे नुसता. आणि हंडा म्हणजे माणूस नाही, हे मघाशी तुम्हीच हवालदारांना सांगितलंत. तांब्याचा हंडा. त्याला कुठली जात?" ती जरा थांबली. "आज पहाटे हंडा ठेवायला चौथी मी आले होते. रोजच येते."

 नळाची धार बकुळाच्या हंड्यापुढे नुसतीच वाया जात होती. कुशाबा काठीवर रेलून मजेत बघत होता.

"बोला बाई," तो म्हणाला. "काय ते येकदा ठरवा. हंडा, का मानूस? मानूस म्हनत असाल तर हितं पाचाच्या वर झाली. मला रांग मोडावी लागंल."

सुंदराबाईंच्या कपाळावर घाम आला. आयुष्यात त्यांनी शब्द फिरवला नव्हता, आणि आता त्यांचेच दोन शब्द समोरासमोर उभे होते. एक मोडायलाच हवा. माणूस म्हणावं तर पाणी जातं. हंडा म्हणावं तर इतक्या दिवसांचा दगड खोटा ठरतो. आणि तो खोटाच होता, हे त्यांना आत्ता नाही, त्या संध्याकाळी जिन्याखालीच कळलं होतं. म्हणून तर सार खारट झालं होतं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग, या पोरीने आपल्याला आपल्याच दोरीने बांधलं याचं, का कोण जाणे, हसू आलं.

"हंडो हंडोच आसा," त्या मोठ्याने म्हणाल्या. "सुभद्रे, गप रव. तुझी सासू एकदाच मरतली म्हटलंय ना? तसो माझो शब्दय एकच." मग आवाज खाली आणून, जरा उदार होऊन, "बकुळा, ये. उद्यापासून तू पयली भर."

"पहिली नको," बकुळा म्हणाली. "पहिली कमळाबाई येतात. माझा चौथा आहे. चौथाच भरीन."

ती नळाशी गेली. हंडा काठोकाठ भरताना कसा आवाज बदलत जातो, तो बाईंनी तिच्या हंड्यातून पहिल्यांदा ऐकला. आपण इतके दिवस कळशीने वरून घालत होतो ते पाणी तिचंच होतं आणि आपण ते दानासारखं वाटत होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं.

बाराही हंडे भरले, दुसरी फेरी सुरू झाली. पुन्हा चौथा बकुळाचा, पाचवा बाईंचा. बकुळाचा भरला आणि बाईंचा अर्ध्यावर असताना नळाने घशातून खरखर आवाज काढला आणि तो कोरडा पडला. वर चाळीस माणसांचा भात चढायचा होता.

बकुळा हंडा कंबरेवर घेऊन निघाली होती, ती थांबली. परत फिरली. बाईंच्या अर्ध्या हंड्यापाशी आली, आणि आपला भरलेला हंडा चांगला खांद्याइतका उंच धरला. अगदी बाई धरायच्या तस्सा. लागू न देता.

"घालू का, बाई?"

 बाई त्या उंच धरलेल्या हंड्याकडे बघत राहिल्या. एवढं वजन पेलूनही पोर तो खाली आणत नव्हती.

"वयरसून कित्याक ओततंस गो?" सुंदराबाई म्हणाल्या.  "पाणी सांडता. टेकव."

बकुळाने हंडा टेकवला, काठाला काठ लावून, आणि बाईंनी तो खालून हाताने धरला.