मृणालीची गोळी

खारबावच्या वैशालीचं पहिलं मूल, मुलगा, पंधराव्या दिवशी गेलं. जन्मला तेव्हा धडधाकट होता. दुसऱ्या आठवड्यात दूध ओकायला लागला, सुकत गेला आणि दवाखाना गाठेपर्यंत संपला. सासू गुणाबाई म्हणाल्या, "नजर लागली." वैशाली मात्र आपलंच दूध त्याला बाधलं, असं धरून बसली. कुणाशी बोलली नाही. दापोड्याच्या गोदामात पॅकिंगला जात राहिली.

तीन वर्षांनी दुसरं बाळ झालं, तेव्हा मुलगा की मुलगी हे नर्सलाच सांगता येईना. ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. "मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "मूत्रपिंडावर टोपीसारखी अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. बाळ पोटात असतानाच त्याच्या मेंदूकडून तिला हार्मोनचा हुकूम येतो, कॉर्टिसॉल बनव म्हणून. हिच्यात ते बनवणारं एन्झाइमच कमी आहे. कॉर्टिसॉल होत नाही, म्हणून हुकूम थांबत नाही. ग्रंथी वाढत जाते आणि भलतंच, पुरुषी हार्मोन तयार करते. अंगातलं मीठही टिकत नाही." मग त्यांनी विचारलं, "याआधी मूल होतं?"

वैशालीने सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्यालाही हेच असावं. मुलग्यात बाहेरून कळत नाही."

"म्हंजे माझ्या दुधानं न्हाय?"

"नाही हो."

तीन वर्षांचं रडू तिथेच, बाकावर बसून बाहेर आलं.

मृणालीला दिवसातून तीनदा गोळ्या सुरू झाल्या. "स्टेरॉइड? एवढ्याशा पोरीला?" शेजारणी विचारायच्या. वैशाली म्हणायची, "अंगात बनत न्हाय, तेवढंच देते."

गेल्या वर्षी, मृणाली सात वर्षांची असताना, तिला जुलाब-उलट्या लागल्या. गोळी पोटात ठरेना. जवळच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर म्हणाला, "आधी रिपोर्ट येऊ द्या."

ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी अशा वेळेसाठी लिहून दिलेली चिठ्ठी वैशालीने त्याच्यापुढे धरली. "सर, आधी हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या. रिपोर्ट मंग बघा. एक पोर गेलंय माझं."

त्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि इंजेक्शन भरलं. संध्याकाळी पोरगी उठून बसली, भात मागू लागली.

आता मृणाली गोळी स्वतःच घेते. परवा तिने विचारलं, "आई, मोठी झाल्यावर बंद होईल?"

खोटं सांगावं, असं वैशालीच्या मनात आलं होतं. "न्हाय गं," ती म्हणाली.

मृणालीने गोळ्यांची डबी हलवून पाहिली. "मग मोठी डबी आण. ही लगेच संपते."