खडूची खूण

आईच्या शालूचा रंग मोरपिशी म्हणावा, तर थोडा जांभळाकडे झुकलेला; तिन्हीसांजेला गोदावरीवर उतरतो तसा. सोमवारी लातूरच्या मांडवात, स्वतःच्या लग्नात, लेकीला आजीचा तोच शालू नेसायचा होता, आणि त्यावरचं जुनं पोलकं हाती घेताच विरलं होतं.

शुक्रवारी नांदेडच्या बाजारात त्या रंगाचा एकच तुकडा सापडला. भाव विचारणार तोच दुकानदार चाचांनी नमाजासाठी दारावर पडदा ओढला. आम्ही पायरीवर थांबलो. पडद्याआडून कोऱ्या कापडाचा आणि अत्तराचा गंध झिरपत राहिला; सारा बाजार दूर कुठेतरी वाहत गेल्यासारखा वाटला.

परतल्यावर चाचांनी तुकडा उजेडात धरला. "ताई, पहिले ऐब बघा. हितं धागा तुटलेला हाय."

"चाचा, विकायला बसलात की गिऱ्हाईक पळवायला?" लेक म्हणाली.

"विकायलाच बसलोय बेटा. पण झाकून विकलं तर कमाईत बरकत न्हाई." त्यांनी त्या जागेभोवती खडूनं बारीक गोल काढला आणि मगच घडी घातली.

शनिवारी संध्याकाळी लातुरात, ब्लाऊज शिवणाऱ्या ओळखीच्या मावशींकडे गेलो. भिंतीवर लाकडी क्रूस, खाली मशीनच्या तेलाचा ऊबदार वास.

"हातातलं काम उरकल्याबिगर दुसरं धरत न्हाई. आन् उद्या रविवार. उद्या चर्च, मशीन बंद."

लेकीचे डोळे भरले. "मावशी, सोमवारी लग्न आहे हो!"

"मग? नवरी काय मुहूर्ताआधी पळून जाणार हाय? उद्या रात्री बारा वाजले की मशीन लावते. सोमवारी पहाटे ये." त्यांनी कापड पसरलं, बोट खडूच्या गोलावर थांबलं. "ही खूण कुणाची?"

"दुकानदारांची. दोष दाखवून दिला त्यांनी."

"भला माणूस," त्या म्हणाल्या, आणि पुसण्यासाठी उचललेला हात त्यांनी मागे घेतला.

रविवार ओल्या रेशमासारखा जड झाला. हळदीच्या गंधातही मला ते बंद मशीनच ऐकू येत होतं. एकाचा देव सौद्याच्या क्षणी दोघांच्या मधे येऊन बसतो. दुसरीचा, आठवड्यातून एक दिवस तिचे हात हातात घेऊन बसतो. त्यांच्या विसाव्याशी माझी घाई भांडत राहिली.

सोमवारी पहाटे पोलकं तयार होतं. मावशींनी ते उलटं करून दाखवलं: आतली शिवण बाहेरच्याइतकीच रेखीव.

"आतून एवढं कोण बघतंय?" लेकीनं विचारलं.

"ज्याच्यासाठी शिवते, तो आतूनच बघतो." त्यांनी काखेतली दुमड उघडली. तुटका धागा तिथे दुहेरी टाक्यात निजला होता. "खूण नसती, तर हे बरोबर खांद्यावर आलं असतं. हार घालायला हात उचलला असतास आन् टर्रकन् फाटलं असतं."

मांडवात अक्षता उडाल्या. लेकीनं हार उंचावला. मी तिच्या काखेकडे पाहत होते. रेशीम ताणलं, चमकलं, आणि शांतपणे पुन्हा जागेवर आलं. दुमडीच्या काठावर खडूची पांढरी, पुसट कोर तेवढी दिसली.