उज्वलाचा पाय

भिवपुरीजवळच्या बौद्धवाड्यात उज्वलाला गप्प बस म्हणायच्या फंदात कोणी पडत नाही. म्हटलं तर ती आणखी मोठ्यानं बोलते. शिवणकाम करून तिनं दोन पोरी शिकवल्या. डावा पाय सुजून खांब झाला, तरी मशीन सोडली नाही. बाया मागं हत्तीपाय म्हणायच्या. ती तोंडावर विचारायची, "तुमच्या दारात तर नाय ना ठेवला?"

तिचा जीव एकाच गोष्टीत होता. वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, विहारात ग्रंथ वाचायचा मान तिचा होता.

यंदा उन्हाळ्यात नवी मुंबईत तिचं ऑपरेशन झालं. पायातलं पाणी वाहून नेणाऱ्या केसासारख्या नळ्या तुंबल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्या शेजारच्या शिरांना जोडल्या. पाणी कमी दाबाकडे जातं, हे धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या वीजघराशेजारी वाढलेल्या बाईला शिकवायला नको. पाय खाली सोडून बसलं की शिरेतला दाब चढतो आणि रक्तच उलटं नळीत शिरायला बघतं. म्हणून पायाला पट्टी, आणि बसताना पाय वर. सूज बरीच उतरली होती, ती तिला पुन्हा चढू द्यायची नव्हती.

आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहार कमिटीचा अध्यक्ष धनेश घरी आला. नात्यानं दीर.

"वहिनी, यंदा वाचन आमच्या पोरीला, मनालीला देऊ. तुमाला मांडी घालता येत नाय. मूर्तीसमोर पाय पसरलेला बरा दिसत नाय."

उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच तिला राग आला.

"मूर्तीकडं पाय करणार नाय भावजी. पण वाचणार मीच."

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी विहारात गेली. मूर्तीच्या बाजूला तिरकी बसली, पाय स्टुलावर ठेवला. वाडा सतरंजीवर जमला. कमिटीची माणसं नेहमीप्रमाणे भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसली. पाय नेमका त्यांच्याकडे.

धनेश खाकरला. "वहिनी, पाय आमच्याकडं येतोय."

"येतोय खरा. हितं खाली सगळ्यांत बसा, मग नाय येणार."

म्हातारी ठकूबाई खुदकन हसली. उज्वलानं ग्रंथ उघडला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली. पहिलं पान संपायच्या आत एक खुर्ची सरकली, मग दुसरी. धनेश सतरंजीवर मांडी घालून बसला. उज्वलानं मान वर केली नाही. तिनं पान उलटलं.