परीक्षकाचा कान

नागपुरातल्या सक्करदऱ्याहून बुटीबोरीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये रविंद्र मेश्रामची खिडकीची जागा ठरलेली होती आणि त्याच्या शेजारची नागसेनची. दोघं एकाच कापड गिरणीत होते. रविंद्र लूम शेडमध्ये मागांवर, नागसेन स्पिनिंगला, सूत काढायला. त्यांची मैत्री एका भांडणावर उभी होती. सिनेमाची गाणी सगळ्यांत चांगली कोणत्या दशकात झाली, हे ते भांडण.

रविंद्रचं दशक सत्तरचं. त्याच्या मते तेव्हा गाणं लिहिलं जायचं, पुढे नुसतं बनवलं जाऊ लागलं. नागसेनचं दशक नव्वदचं. तो म्हणायचा, सत्तर साली आपल्या वस्तीत रेडिओ कोणाच्या घरी होता ते सांगा. आपल्याकडे गाणं आलं ते कॅसेटवर, आणि आपल्या गायकांचा आवाज वस्तीबाहेर गेला तोही कॅसेटवरच. मग रविंद्र शब्दांवर यायचा.

"तुह्या गाण्यातले शब्द तरी समजतात का गा? नुसतं धडाडधूम."

बस हसायची. पुढच्या सीटवरचे लोक मागे वळून आपापलं मत टाकायचे आणि बुटीबोरी यायचं. पण रविंद्रला गाण्यातलं कळतं, हे नागसेनसकट सगळे मानायचे. कोणत्या गाण्यात सारंगी आहे आणि कोणत्या कडव्यात कवीने शब्द बदलला, हे त्याला तोंडपाठ होतं. म्हणूनच भीमजयंतीच्या गायन स्पर्धेला विहाराच्या कमिटीने त्याला परीक्षक नेमलं.

त्या स्पर्धेत नागसेनची मुलगी मेघाही होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती ती. शेवटच्या फेरीत तिने स्वतः लिहिलेलं, स्वतःच चाल बांधलेलं गाणं म्हटलं. सोबत गिटार घेतलेली एक मैत्रीण, बाकी काही नाही. आवाज हळुवार होता, कानाशी येऊन बोलल्यासारखा. रविंद्र पहिल्या रांगेत पेन घेऊन बसला होता. चाल त्याला ऐकू येत होती, पण शब्द एकमेकांत कालवल्यासारखे लागत होते. त्याने मान पुढे केली, भुवया आवळल्या, आणि मग पेन खाली ठेवून दिला.

निकालाच्या वेळी माइक त्याच्या हातात आला.

"आवाज गोड आहे पोरीचा," तो म्हणाला. "पण आजकालचे गाणारे शब्द चावून खातात. कोणाले एक तरी ओळ समजली असन तर सांगा."

लोक हसले. मागून कोणीतरी काही बोललं. ते आपल्याच बाजूचं असणार असं धरून रविंद्रने हसत मान हलवली आणि तो पुढे बोलत राहिला. सत्तरच्या दशकातल्या गायकांचे उच्चार कसे असत, हे त्याने बरंच लांबवर सांगितलं. मेघा स्टेजच्या पायरीशी उभी होती. ती ऐकत होती आणि मान हलवत होती, वर्गात बाई चूक दाखवतात तेव्हा मुली हलवतात तशी.

त्यानंतर बसमध्ये नागसेन शेजारीच बसायचा, पण वाद घालेना. रविंद्रने डिवचलं तर म्हणायचा, "तुम्हाले जास्त समजते, रविभाऊ." रविंद्रला वाटलं, आपण जिंकलो.

घरी वेगळंच चाललं होतं. टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत जातो, हाक मारली की तुम्ही भलतंच उत्तर देता, असं त्याची बायको प्रेमिला कधीपासून म्हणत होती. तो म्हणायचा, लोकच पुटपुटतात. कंपनीत दरवर्षी कान तपासायची गाडी यायची. आवाज आला की बटण दाबायचं असे. रविंद्र काचेतून तपासणाऱ्याच्या हाताकडे बघायचा आणि हात हलला की बटण दाबायचा. दरवर्षी पास. कानात घालायचे बोळे कंपनी देत असे. नागसेन इमानेइतबारे घालायचा, रविंद्रचे खिशात राहायचे. बोळे घातले तर लूमचा सूर बिघडलेला कळत नाही, हे त्याचं कारण.

शेवटी प्रेमिलाच त्याला धंतोलीत एका कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तोंडासमोर कागद धरला आणि एकेक शब्द म्हणायला सुरुवात केली. आपण काय ऐकलं ते रविंद्रने सांगायचं होतं. त्या म्हणाल्या सात, त्याने सांगितलं हात. त्या म्हणाल्या चाक, त्याने सांगितलं ताक. प्रेमिलाने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि दुसरीकडे पाहिलं.

लूमच्या आवाजाने बारीक सूर ऐकायची ताकद गेली आहे, असं बाईंनी समजावलं. आवाज येतो, पण स, श, च, फ यांसारखी अक्षरं गळून जातात. त्यामुळे समोरचा माणूस शब्द चावतोय असं वाटतं.

"पण मॅडम, जुनी गाणी मले साफ ऐकू येतात," रविंद्र म्हणाला.

"ती तुम्हाला पाठ आहेत, काका," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्याने प्रेमिलाला सांगितलं, फोनवर काही गाणी लाव, मी कधी न ऐकलेली, आणि कोणत्या सालची ते सांगू नको. तिने शोधून शोधून लावली. एका गाण्यावर त्याने हात उडवला. हे आजकालचं आहे म्हणाला, शब्दच नाहीत यात.

"हे तुमच्याच दशकातलं हाये," प्रेमिला म्हणाली.

तिने ते पुन्हा लावलं. तो फोन कानाला दाबून बसला. शब्द कालवलेलेच राहिले. मग त्याने आपलं लाडकं गाणं लावायला सांगितलं, आणि त्यातली वेलांटी न् वेलांटी कानात उतरली. त्याने फोन उलटा करून पलंगावर ठेवला.

"त्या दिवशी विहारात मागून मीच बोलली होती," प्रेमिला त्याला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली. "मले सगळं समजलं, असं म्हटलं होतं मी. तुम्ही हसून मान हलवली."

कानाचं मशीन आल्यावर नागसेनकडे जाऊ, असं त्याने ठरवलं. मशीन आलं. त्यानंतरही कितीतरी रविवार गेले. मशीनची सवय होऊ दे, असं तो प्रेमिलाला सांगायचा. खरं म्हणजे त्याचे पाय उचलत नव्हते. बसमध्येही मशीन खिशातच असायचं.

शेवटी एका रविवारी मशीन कानात घालून तो गेला, तेव्हा मेघाने पाणी आणून दिलं. रविंद्रने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात नागसेनच म्हणाला, "रविभाऊ, आता ऐका पोरीले. लय मेहनत घेतली तिने."

आणि मेघा गायली. तेच गाणं. एकेक शब्द सुटा, स्वच्छ, कडक. टाचणीने टोचून कागदावर बसवल्यासारखा. पहिल्यांदाच रविंद्रला कळलं की ते गाणं कशावर आहे. कंपनीच्या बसमध्ये काचेला डोकं टेकून झोपलेल्या बापावर होतं ते, त्याच्या बाहीला चिकटून घरापर्यंत आलेल्या कापसाच्या पुंजक्यावर होतं. त्या बसमध्ये रविंद्र त्याच बापाच्या शेजारी बसत आला होता.

"आता समजते ना, काका?" मेघाने विचारलं.

त्याने विहारातलं तिचं गाणं कोणाकडे आहे का, म्हणून विचारलं. नागसेनच्या फोनवर होतं. मशीन कानात नीट बसवून रविंद्रने ते ऐकलं. शब्द सगळे होते. एकही चावलेला नव्हता. झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये अशा बेताने ती म्हणत होती, आणि शब्द एकातून दुसऱ्यात सहज उतरत होते. आत्ता तिने जे म्हटलं त्यात हे काहीच उरलं नव्हतं.

"तुहं काही चुकलं नव्हतं, बेटा," तो म्हणाला. त्याने कानातलं मशीन काढून तळहातावर धरलं. "माह्या कानाले ऐकू येत नव्हतं. मी तुह्यावर ढकललं."

मशीन हातात असल्याने मेघा काय म्हणाली ते त्याला कळलं नाही. त्याने ते पुन्हा घातलं. तिने पुन्हा सांगितलं, "मी रोज आरशासमोर एकेक शब्द घोटला, काका. आता पहिल्यासारखं म्हणायले गेली तर येत नाही." तिचा आवाज चढला नव्हता. राग आला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

नागसेन फोनच्या काळ्या पडद्याकडे बघत होता. "मी तिथंच बसलो होतो," तो म्हणाला. "मले शब्द न् शब्द समजला होता. पण तुम्ही म्हटलं म्हणून मी बी घरी येऊन पोरीले तेच सांगितलं."

ऑक्टोबरात विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम झाला, तेव्हा रविंद्रने कमिटीकडे माइक मागितला. एप्रिलमध्ये मी इथून जे बोललो ते माझ्या बहिऱ्या कानाचं बोलणं होतं, मुलीच्या गाण्यात खोट नव्हती, कंपनीच्या तपासणीतही मी लबाडी करत आलो, असं त्याने सरळ सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघातिघांनी खांद्यावर हात ठेवला. एवढं कबूल करायला मोठं मन लागतं म्हणाले. ते हात त्याला जड झाले. मेघा त्या दिवशी आली नव्हती.

हिवाळ्यात तिच्या कॉलेजच्या गॅदरिंगला नागसेनने त्याला ओढूनच नेलं. रविंद्र शेवटच्या रांगेत बसला. मेघाने नवं गाणं म्हटलं. सुरुवात हळुवार होती, शब्द पाण्यासारखे येत होते, आणि नागसेनने खूश होऊन रविंद्रच्या मांडीवर थाप मारली. दुसऱ्या कडव्यात मात्र एका शब्दाशी ती अडखळली. अडखळली म्हणजे थांबली नाही. तो शब्द तिने सावरून, तोडून, स्पष्ट म्हटला आणि पुढे गेली. आजूबाजूला कोणाच्या लक्षातही आलं नाही. मशीनमधून त्या शब्दातला 'स' सुईसारखा आत आला. रविंद्रने मान खाली घातली, आणि गाणं संपेपर्यंत त्याला स्टेजकडे बघता आलं नाही.